उपनगरचें बिऱ्हाड आणि आमचें वाङ्मय

नोकरीसाठीं गांव बदलावें कीं बदलूं नये, हा प्रश्न आज सुशिक्षित मध्यम वर्गाच्या बहुतेक घरांत केव्हांना केव्हां उभा राहतो. आणि तो उभा राहिला म्हणजे घरांतील चार-दोन रात्री हिशेबांत जातात. सांगलीस किंवा जळगांवास बऱ्यापैकीं नोकरी करीत असलेल्या गृहस्थास मुंबईच्या एखाद्या कचेरींतून जास्त पगाराचें बोलावणें येतें. मुंबईंत जागा घेण्याचें आपलें बळ नाहीं, हें त्यास तें बोलावणें वाचतांनाच ठाऊक असतें. मग आगगाडीच्या नकाशावर बोट सरकूं लागतें. ठाणें झेपत नाहीं म्हणून डोंबिवली. डोंबिवली जड वाटते म्हणून बदलापूर. म्हणजे "मुंबईस जावें काय?" हा प्रश्न प्रत्यक्षांत "डोंबिवलीस जावें काय?" किंवा "बदलापुरास जावें काय?" असा होतो. हा फरक वरवर लहान दिसतो; परंतु आमच्या मतें सारी गोम त्यांतच आहे. मनुष्य कामासाठीं जें गांव पत्करतो त्या गांवांत बहुधा त्याचें काम नसतें. तेथें असतें तें बिऱ्हाड. काम एकीकडे, बिऱ्हाड दुसरीकडे आणि दिवसाचा मोठा भाग या दोहोंमधल्या रुळांवर, अशी ही रोजची त्रिस्थळी यात्रा आहे.

अशा वेळीं सल्ला विचारला जातो तो नातलगांचा, मित्रांचा, फार तर बँकेच्या मॅनेजरचा. कादंबरी उघडून कोणी पाहत नाहीं. तरीही गांव म्हणजे जिव्हाळा, शहर म्हणजे कोरडेपणा, घर सोडणें म्हणजे मुळें तोडणें, अशा ज्या कल्पना निर्णय घेणाऱ्याच्या मनांत अगोदरच ठाण मांडून बसलेल्या असतात, त्या बहुतांशीं वाङ्मयानेंच पेरलेल्या असतात. मनुष्य हिशेब आंकड्यांनीं मांडतो आणि निर्णय मात्र मनांतल्या चित्रांवरून घेतो. तेव्हां या विषयावर आमच्या वाङ्मयानें आम्हांस कोणतीं चित्रें दिलीं, आणि तीं प्रसंगास पुरीं पडतात काय, हें पाहणें हा केवळ पंडिती खेळ नव्हे.

प्रथम ज्या गांवांविषयीं बोलावयाचें त्यांची थोडी ओळख करून घेऊं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली आणि पुढच्याच वर्षीं ती कल्याणास पोंचली. कल्याण हें जुनें बंदर. अंबरनाथचें शिवालय शके ९८२ चें, म्हणजे इसवी सन १०६० चें. डोंबिवली व बदलापूर हीं मात्र दीर्घकाळ खेडींच होतीं. मुंबईची जागा संपत गेली तसतशी वस्ती या रुळांच्या कडेकडेनें पुढें सरकली. कल्याण-डोंबिवलीची महानगरपालिका १९८३ सालीं स्थापन झाली. २०११ च्या शिरगणतींत तिची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरांत भरली, अंबरनाथची अडीच लाखांच्या आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या. त्याच शिरगणतींत आणखी एक गोष्ट दिसून आली. मूळ मुंबई बेटावरील वस्ती २००१ सालीं सुमारें ३३ लाख होती, ती दहा वर्षांत वाढण्याऐवजीं घटून ३१ लाखांहून किंचित् कमी झाली. म्हणजे ज्या शहराचें वर्णन आमचे लेखक शंभर-दीडशें वर्षें करीत आले त्याच्या पोटांतून माणसें बाहेर पडत होतीं. आणि ज्या गांवांचें वर्णन करावेंसें फारसें कोणास वाटलें नाहीं, तेथें बिऱ्हाडें थाटलीं जात होतीं.

आतां वाङ्मयाकडे वळूं. नोकरी-शिक्षणासाठीं झालेलें स्थलांतर हा विषय मराठींत नाहीं, असें कोणी म्हणणार नाहीं. व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी'चा (१९५५) आरंभच मुळीं नेमणुकीच्या गांवीं पायीं निघालेल्या तरुण शाळामास्तरापासून होतो. पण त्या मास्तरास निवड नाहीं, हुकूम आहे. गांव त्यास हळूहळू आपलासा करून घेतें आणि अखेर दुष्काळापुढें तें गांवच उठतें. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'चा (१९६३) नायक पांडुरंग सांगवीकर खेड्यांतून पुण्यास शिकावयास येतो व शेवटीं गांवीं परततो. पुणें हें त्याच्या लेखीं राहून पाहण्याचें ठिकाण उरत नाहीं, विटण्याचें ठिकाण होतें. दोन्ही कृति आपापल्या परीनें थोर आहेत व त्यांचें थोरपण येथें वादांत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, एकींत जाणें हें नशीब आहे आणि दुसरींत परतणें हें नशीब आहे. "जावें कीं न जावें" यावर दोन माणसें समोरासमोर बसून विचार करीत आहेत, असा प्रसंग त्यांच्या केंद्रस्थानीं नाहीं.

महेश एलकुंचवार 'वाडा चिरेबंदी' (१९८५) या नाटकांत आमच्या प्रश्नाच्या बरेच जवळ आले आहेत. विदर्भांतील एका खेड्यांतल्या देशपांड्यांच्या वाड्यांत वडिलांच्या मृत्यूनंतर मुंबईस नोकरी करणारा मुलगा सुधीर आपली पत्नी अंजली हिच्यासह येतो. वाड्यांतल्यांस वाटतें, मुंबईकर सुखांत आहे. मुंबईकरास वाटतें, वाड्यांत अजून कांहीं शिल्लक आहे. दोन्ही समजुती फोल ठरतात. दारापुढें ट्रॅक्टर गंजत पडलेला आहे आणि मुंबईच्या पगाराला पाय फुटलेले आहेत. 'दुरून डोंगर साजरे' ही आमची म्हण दोन्ही बाजूंनीं एकाच वेळीं खरी करून दाखविणारें दुसरें नाटक आम्हांस आठवत नाहीं. तथापि सुधीरनें घर सोडलें तो क्षण नाटकाच्या बाहेर, कैक वर्षें मागें राहिलेला आहे. आम्हांस परिणाम दिसतो. निर्णय दिसत नाहीं. आणि ज्या मुंबईंत सुधीर राहतो ती तर रंगमंचावर केवळ तक्रारीच्या रूपानें येते.

उपनगराचें नांवच धारण करणारी एक प्रसिद्ध कृति म्हणजे 'डोंबिवली फास्ट' हा निशिकांत कामत यांचा चित्रपट (२००५). त्यांतील माधव आपटे बँकेंत नोकरी करतो, डोंबिवलीस राहतो आणि रोज लोकलनें जातो-येतो. एके दिवशीं त्याचा तोल सुटतो व तो शहरभर अन्यायाशीं झुंजत सुटतो. रोजच्या त्याच त्या दिनचर्येचें जें चित्र आरंभीं रेखाटलें आहे, तें इतकें नेमकें आहे कीं, या मार्गावरील हजारों प्रेक्षकांस तें आपलेंच वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु बारकाईनें पाहिल्यास ध्यानांत येईल कीं, या चित्रपटांत 'फास्ट' पुष्कळ आहे व डोंबिवली थोडी. डोंबिवली म्हणजे जेथून गाडी सुटते तें ठिकाण, एवढेंच. त्या गांवीं दिवसभर कोण असतें, दुपारीं तेथें काय चालतें, आपट्यांच्या कुटुंबानें हें गांव कां निवडलें आणि तें निवडतांना कोणी 'नको' म्हटलें होतें काय, या प्रश्नांकडे कॅमेरा वळत नाहीं. संताप हा निर्णयाचा फार उशिरां आलेला हिशेब असतो. तो पाहून मूळ मांडणींत कोठें चुकलें हें कळत नाहीं.

ही मूळ मांडणी घरोघर कशी होते, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. कागदाच्या एका बाजूस जुना पगार, दुसऱ्या बाजूस नवा. त्यांतून घराचा हप्ता, मुलांची फी व लोकलचा पास वजा. बाकी शिल्लक दिसली कीं जावयाचें ठरतें. या कागदावर एक रकाना नसतो, तो तासांचा. डोंबिवली मुंबईच्या मुख्य स्थानकापासून ४८ किलोमीटर व बदलापूर ६८ किलोमीटर. घर ते स्टेशन, प्लॅटफॉर्मवरचें थांबणें, गाडी आणि स्टेशन ते कचेरी, हें सारें धरून एका वेळचे दोन तास लागतात असें समजूं. दिवसाचे चार, वर्षांतील कामाचे दिवस २८० धरले तर ११२० तास. म्हणजे वर्षाकाठीं सुमारें ४७ अहोरात्र मनुष्य गाडींत आणि गाडीच्या वाटेवर काढतो. तीस वर्षांच्या नोकरींत ही बेरीज जवळजवळ १४०० दिवसांची, पावणेचार वर्षांहून अधिक होते. इतक्या काळांत मनुष्य एक पदवी घेऊं शकतो. लहान मूल बोलूं, चालूं व अक्षरें गिरवूं लागतें. तास जातात एवढ्यावरच हें थांबत नाहीं. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या लोकलच्या दारांत लटकणारे प्रवासी खालीं पडून मरण पावले, ही घटना या मार्गावरच्या कोणत्याही कुटुंबास परकी वाटली नसेल.

पण आमचा मुद्दा तासांच्या संख्येपाशीं संपत नाहीं. खरें पाहतां तेथें तो सुरू होतो. हे तास कोणाचे? नोकरी करणाराचे चार तास डोळ्यांस दिसतात. त्याला चौथी सीट मिळाली कीं नाहीं याची चौकशी घरांत होते. परंतु तो पहांटे निघतो व रात्रीं परततो म्हणून मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांचें औषध, पाण्याची वेळ, गॅसचा माणूस, शाळेंतल्या बाईंचा निरोप, हें सारें ज्या एका व्यक्तीवर येऊन पडतें, तिचे तास कोणत्याच रकान्यांत मांडले जात नाहींत. ती स्वतः नोकरी करीत असेल तर दुहेरी भार. संध्याकाळच्या लोकलमध्यें बायकांच्या डब्यांत भाजी निवडली जाते, ती कांहीं हौसेनें नव्हे. ती नोकरी करीत नसेल तर अनोळखी गांवांत तिच्या दिवसाला सोबत कोणाची, हा प्रश्न. गांव बदलण्याचा निर्णय एका माणसाच्या पगारावरून होतो आणि त्याची किंमत दुसरें माणूस वर्षानुवर्षें भरतें. आमच्या कादंबरी-नाटकांनीं ही कथा बहुधा पगार आणणाराच्या तोंडून सांगितली, म्हणूनच ती अर्धी राहिली, असा आमचा आरोप आहे.

हा आरोप सिद्ध करण्यास पुरावा बाहेरून आणावा लागत नाहीं. मराठींतच, पण दुसऱ्या रांगेंत तो ठेवलेला आहे. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रांत क्रमशः येऊं लागली. ती आम्ही बालविवाह व केशवपन यांवरील कादंबरी म्हणून वाचतों, आणि तें योग्यच आहे. परंतु तिच्यांत एक स्थलांतरही आहे. पुण्याच्या मोठ्या कुटुंबांत कोंडलेली यमू नवऱ्याबरोबर मुंबईच्या लहानशा बिऱ्हाडांत येते, आणि तेथें तिला प्रथमच वाचावयास, मोकळेपणीं बोलावयास, स्वतःचें मत असूं द्यावयास सांपडतें. तेच तिच्या आयुष्यांतले सुखाचे दिवस. नवरा गेल्यावर तिला पुण्यास परत आणलें जातें आणि पुढें जें होतें तें वाचकांस विदित आहे. या कादंबरीचा नकाशा 'कोसला'च्या नकाशाच्या नेमका उलटा आहे. येथें मूळ घर हें जिव्हाळ्याचें ठिकाण नाहीं आणि परतणें म्हणजे सुटका नाहीं. एकच प्रवास, पण करणारें माणूस बदललें कीं त्याचा अर्थ फिरतो.

कादंबरीवर विश्वास नसेल त्यांनीं आत्मचरित्रें पाहावीं. रमाबाई रानडे यांचें आठवणींचें पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध झालें. पुण्याच्या घरांत वाचन-लेखनाबद्दल घरांतल्या बायकांचीं टोंचून बोलणीं ऐकणाऱ्या रमाबाई १८७८ सालीं न्यायमूर्तींची बदली झाल्यावर त्यांच्याबरोबर नाशकास गेल्या. सरकारनें ही बदली रमाबाईंच्या सोयीसाठीं खास केली नव्हती. तरी स्वतंत्रपणें संसार चालविण्याची व अभ्यासाची मोकळीक त्यांस मिळाली ती बदलीच्या गांवीं. ज्या बदलीकडे माधवरावांचे स्नेही गैरसोय म्हणून पाहत असतील, तिच्याकडे घरांतील तरुण मुलगी कोणत्या दृष्टीनें पाहत होती, हें तिनें लिहिलें नसतें तर कोणास कळलें असतें?

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रें'ची (पहिला भाग १९३४) गोष्ट याहून अवघड व म्हणून अधिक मोलाची आहे. तेथें गांव बदलणें ही मुक्ति नाहीं आणि आपत्तीही नाहीं; तो जवळजवळ ऋतुमानासारखा नित्याचा क्रम आहे. जलालपूर, नाशिक, नागपूर, राजनांदगांव, अहमदनगर, राहुरी. नारायण वामन टिळकांच्या मनांत आलें कीं बिऱ्हाड उठलेंच. निर्णय एकाचा, आवरासावर दुसरीची. लक्ष्मीबाई याबद्दल रडत नाहींत आणि पतीस देवही करीत नाहींत. त्या हसतात, रागावतात, भांडतात, भांडीं बांधतात व नव्या गांवीं शेजारीण शोधतात. बिऱ्हाड हलविण्यांत काय तुटतें व काय जुळतें, याचें एवढें प्रामाणिक आणि एवढें विनोदी टिपण मराठींत दुसरें नाहीं. आम्हांस तर असें म्हणावेंसें वाटतें कीं, आमच्या भाषेंत स्थलांतराचें उत्तम वाङ्मय लिहिलें गेलें तें ज्यांनीं निर्णय घेतला त्यांच्याकडून नव्हे, तर ज्यांच्यासाठीं तो घेतला गेला त्यांच्याकडून.

येथें एक आक्षेप येईल. वाङ्मय म्हणजे कांहीं घर घेणाऱ्यांचें मार्गदर्शक पुस्तक नव्हे. 'वाडा चिरेबंदी' पाहून कोणी फ्लॅट बुक करावा कीं नाहीं हें ठरवावें, अशी अपेक्षा करणें हास्यास्पद होय. आक्षेप बरोबर आहे आणि तरीही तो आम्हांस लागू पडत नाहीं. आम्ही वाङ्मयाकडून सल्ला मागत नसून दृष्टि मागत आहों. लग्नाचा, धर्मांतराचा, बंडाचा निर्णय माणसाच्या मनांत कसा घडतो, हें आमच्या लेखकांनीं खोल जाऊन दाखविलें आहे. मग ज्या निर्णयावर लक्षावधि कुटुंबांचें पुढील तीस वर्षांचें आयुष्य ठरतें, तोच तेवढा कलेस अयोग्य कां ठरावा? त्यांत नाट्य नाहीं म्हणावें तर रात्रीं जेवणें झाल्यावर स्वैंपाकघरांत हलक्या आवाजांत चाललेलें "तुम्ही म्हणाल तसें" हें एक वाक्य घ्या. त्यांत संमति किती व शरणागति किती, हें उलगडून दाखविण्यास चांगला कादंबरीकारच हवा.

इंग्रजी वाङ्मयांत या सामान्य जीवनाकडे लेखकांनीं लौकर लक्ष दिलें. जॉर्ज व वीडन ग्रॉस्मिथ या बंधूंचें 'डायरी ऑफ ए नोबडी' हें पुस्तक १८९२ सालीं निघालें. लंडनच्या हॉलोवे या उपनगरांत नवें बिऱ्हाड केलेला पूटर नांवाचा कारकून त्यांत आपली रोजनिशी लिहितो. त्याच्या घराची बाग मागें रेल्वेच्या रुळांपर्यंत जाते, आणि त्या त्रासाबद्दल घरमालकानें भाड्यांत दोन पौंड कमी केलेले असतात. पूटरला याचें समाधान केवढें! उपनगरच्या मध्यम वर्गाचें अवघें तत्त्वज्ञान त्या दोन पौंडांत सांठलेलें आहे: गैरसोय आहे खरी, पण ती आपण स्वस्तांत घेतली. पुस्तक पूटरला हंसतें, पण त्याचा तिरस्कार करीत नाहीं. आणि घर, नोकर, दुकानदार, शेजारी यांच्या तपशिलांतून तें उपनगर वाचकांपुढें उभें राहतें. डोंबिवली-बदलापूरचा असा रोजनिशीकार आम्हांस अजून मिळावयाचा आहे.

आमच्याकडे याला नमुना नाहीं असें मात्र नाहीं. ज्या बदलापुराचा उल्लेख वर वारंवार आला, त्याच गांवावर ना. गो. चापेकर यांनीं एक ग्रंथ लिहून १९३३ सालीं प्रसिद्ध केला. तेव्हां तें खेडें होतें. त्या खेड्यांतील लोक, त्यांचे धंदे, चालीरीती व राहणी यांची चापेकरांनीं एखाद्या शास्त्रज्ञानें करावी तशी पाहणी केली. चापेकर १९३४ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, म्हणजे त्या काळच्या साहित्यिकांस असें काम साहित्याबाहेरचें वाटलें नाहीं. आज तेंच गांव पावणेदोन लाखांवर गेलें, तेथें उंच इमारती उठल्या, सकाळच्या गाडीला माणसें लोंबकळूं लागलीं. पण त्या नव्या बदलापूरची तशी सविस्तर आणि सहृदय पाहणी करणारा ग्रंथ आमच्या पाहण्यांत नाहीं. डोंबिवलीस २०१७ सालीं नव्वदावें अखिल भारतीय मराठी साहित्यसंमेलन भरलें. संमेलनास गांवानें मांडव दिला. गांवास साहित्यानें काय दिलें, हें विचारण्याची वेळ आतां आली आहे.

इतकें सगळें म्हटल्यावर, ज्या कुटुंबापुढें आज हा प्रश्न प्रत्यक्ष उभा आहे त्यास आम्ही कांहींच सांगूं नये, हें बरें दिसणार नाहीं. आमचें मत असें. पहिली गोष्ट, उपनगर आणि उपनगर यांत भेद करावा. पिंपरी-चिंचवडचें उदाहरण घ्या. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना तेथें १९५४ सालीं आला, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ निघाल्यावर आणखी कारखाने आले आणि त्यांच्या पाठोपाठ वस्ती वाढली; १९८२ सालीं महानगरपालिका झाली. तेथें काम आधीं व बिऱ्हाड मागून, म्हणून कारखान्यांतला मनुष्य संध्याकाळीं उजेड असतांना घरीं येऊं शकला. ज्या गांवांत बिऱ्हाड आणि काम दोन्ही आहेत, तेथें जाणें हा एक निर्णय. ज्या गांवांत फक्त झोंपावयास यावयाचें, तेथें जाणें हा अगदीं निराळा निर्णय. दोहोंस एकच नांव दिल्यानें घोटाळा होतो. अर्थात् काम जवळ आलें म्हणजे सारें भागलें असेंही नाहीं. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत २०१६ व २०२४ या दोन्ही सालीं रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन माणसें दगावलीं. तेव्हां घर घेतांना खिडकींतून काय दिसतें, हेंही पाहावें.

दुसरी गोष्ट, मूळ गांवाविषयींच्या हळहळीस मर्यादा असावी. 'पळसाला पानें तीनच' म्हणून जागचें न हलणारे लोक आम्हीं पाहिले आहेत, आणि त्यांपैकीं कित्येकांच्या घरांत एखादी प्रभा होती. 'वाडा चिरेबंदी'मधली ही मुलगी शिकावयाची इच्छा असून वाड्यांतच सुकून गेली. न जाण्याचीही किंमत असते आणि तीही कोणीतरी भरतेंच. उलट, उपनगर म्हणजे अनोळखी माणसांचा ढीग, ही समजूतही खरी नाहीं. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालत आलें आहे. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा डोंबिवलीकरांनीं सुरू केली, ती पुढें गांवोगांव गेली. लोकलच्या डब्यांत भजनी मंडळें जमतात. बाहेरून आलेल्या माणसांनीं रिकाम्या वेळाच्या तुटपुंज्या शिलकेंतून हें उभें केलें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्यांच्याविषयीं आदर वाटल्यावांचून राहत नाहीं.

तिसरी व मुख्य गोष्ट. पगाराच्या कागदावर तासांचा रकाना आखावा आणि तो घरांतल्या प्रत्येक माणसासाठीं निरनिराळा आखावा. आजी दुपारीं कोणाशीं बोलेल? मुलास मैदान किती पावलांवर आहे? सुनेस स्वतःची नोकरी सोडावी लागेल काय, आणि सोडली तर ती तेथें पुन्हा मिळेल काय? नवीन गांवीं तिला यमूची मुंबई भेटणार आहे कीं दुसरें पुणें? मिळकत थोडी वाढली आणि घरांतल्या चारांपैकीं तिघांचा दिवस भकास झाला, तर तो तोट्याचा व्यवहार होय. मिळकत तेवढीच राहिली, पण घरांतल्या कोंडलेल्या माणसास दार उघडलें, तर बदलापूर काय आणि बनगरवाडी काय, जाणें फायद्याचें आहे. आणि ज्याच्या पगारासाठीं हा सारा खटाटोप त्यानें आपलें मत सर्वांच्या शेवटीं सांगावें. आधीं सांगितलें कीं बाकीच्यांचीं मतें 'तुम्ही म्हणाल तसें' या एका वाक्यांत बुडून जातात.

आमच्या लेखकांकडून आम्ही एवढेंच मागतों कीं, त्यांनीं या वाक्याच्या आंत शिरावें. गांव आणि महानगर यांच्यामध्यें आतां एक तिसरा मुलूख वसला आहे, आणि आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण तेथें राहतात किंवा उद्यां राहावयास जातील. त्यांना त्यांच्या घराचा पत्ता ठाऊक आहे. त्या पत्त्यावरचें आयुष्य कसें आहे, हें त्यांना त्यांच्या भाषेंत अजून कोणी नीटसें सांगितलेलें नाहीं. लक्ष्मीबाईंनीं आपल्या बिऱ्हाडांचें जें केलें, तें डोंबिवलीच्या किंवा बदलापूरच्या एखाद्या बाईनें आपल्या बिऱ्हाडाचें करावें. तें पुस्तक येईल तेव्हां त्याचें परीक्षण लिहिण्यास आम्हांस मोठा आनंद होईल. तोंपर्यंत ज्या घरांत निर्णय व्हावयाचा आहे त्या घरानें 'स्मृतिचित्रें' एकदां पुन्हा काढून वाचावीं, एवढी शिफारस करून हा लेख पुरा करितों.